आरशांच्या गल्लीवरून

३ मे, सोमवार

शनिवारपासून शहरात उन्हाळी कार्यक्रम सुरू झालेत आणि आज माझी स्कूटर पुलाखाली पाऊण तास जागची हलली नाही. पुढे सायकलींची शर्यत, मागे गाण्याला निघालेली माणसं, डावीकडे फुलांचं प्रदर्शन. मधोमध मी, चौकातल्या पुतळ्यासारखी. शिंप्याकडे साडेनऊला जायचं ते अकराला पोचले. त्याचा उजवा खांदा आखडलाय, त्याला मी व्यायाम देते. डाव्या हाताने घड्याळ दाखवत म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक माझी वाट बघतंय आणि मी तुमची. जमायचं कसं?" पुढच्या पेशंट मुख्याध्यापिकाबाईंनी तर दारच उघडलं नाही. आतूनच म्हणाल्या, "उशिरा आलेल्या मुलींना मी वर्गात घेत नसे."

एकोणीस वर्षांची हॉस्पिटलची नोकरी मार्चमध्ये सोडली ती घरोघरी जाऊन व्यायाम करून घ्यायला. सगळ्यांनी वेड्यात काढलं. दोन महिन्यांत सात पेशंट जमवले. कार्यक्रम सहा जूनपर्यंत चालणार. पाच आठवडे हे असंच चाललं, तर सातातला एकही उरायचा नाही.

हे वाहतूक नियंत्रण कक्षात बसतात. समोर चोवीस पडदे, शहरातला प्रत्येक चौक दिसतो. जेवताना विचारलं, "मी दिसले का तुम्हाला पुलाखाली?"

"निळं हेल्मेट ना? दिसलीस की. मी हातसुद्धा केला."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

५ मे, बुधवार

स्कूटर घरी ठेवली. चालत निघाले आणि तरी शिंप्याकडे वेळेच्या आधी पोचले. हे श्रेय पोस्टमनकाकांचं.

सकाळी आठला माझा पहिला पेशंट म्हणजे हे काका. चढावरचं दोन खोल्यांचं घर, वय अठ्ठ्याहत्तर. जानेवारीत जिन्यावरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. हाड उत्तम जुळलंय, डॉक्टर म्हणतात चालायला हरकत नाही. पण काका खिडकीजवळच्या खुर्चीतून उठत नाहीत. वॉकर कोपऱ्यात उभा आहे, काकू त्यावर ओले टॉवेल वाळत घालतात. मी "उभं राहू या का?" म्हटलं की ते म्हणतात, "जायचंय कुठे?" मग मी त्यांच्या पायाला रबरी पट्टा बांधून बसल्या जागीच व्यायाम घेते.

आज मी रस्त्यांची रड सांगत होते. ते ऐकता ऐकता एकदम ताठ बसले. "आता कुठे जायचंय तुला? शिंप्याकडे? मोठा रस्ता कशाला धरतेस? मोठा रस्ता गाड्यांसाठी असतो. लिहून घे."

चाळीस वर्षं या शहरात पायी टपाल वाटलंय त्यांनी. डोळे मिटून सांगत होते: खाली उतर, लोहाराच्या दुकानाशी डावीकडे, बावन्न पायऱ्या, पिवळ्या दाराचं घर, तिथला कुत्रा भुंकेल पण चावत नाही, मग आरशांची गल्ली, ती पूर्ण चालून जायची, मग कालव्यावरचा लाकडी पूल.

लोहाराच्या दुकानात आता चष्मे विकतात. पिवळं दार हिरवं झालंय. कुत्र्याच्या जागी त्याचा नातू असावा, तो भुंकतो आणि चावायलाही बघतो. पायऱ्या मात्र बावन्नच.

एकवीस मिनिटं लागली. शिंपी म्हणाला, "आज बाईंना पंख फुटले वाटतं."

७ मे, शुक्रवार

काकांनी आल्या आल्या विचारलं, "कशी गेलीस?" सगळा रस्ता सांगितला. चष्म्याच्या दुकानाचं ऐकून त्यांना फार गंमत वाटली. "म्हणजे लोहार गेला," म्हणाले.

मग म्हणाले, "आरशांच्या गल्लीत शेवटचं दुकान उघडं होतं?"

"काचेचं ना? उघडं होतं."

"दाराबाहेर काचा उभ्या होत्या?"

"होत्या चार-पाच."

"हं." आणि चक्क स्वतःहून पाय लांबवून म्हणाले, "चल, घे तुझा व्यायाम."

रबरी पट्ट्याचा उपयोग होतोय. हॉस्पिटलात मी कधीची सांगत होते, पट्टा वापरा म्हणून.

काकू दारापर्यंत सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, "त्यांनी सांगितला तोच रस्ता धर हं. बदलू नकोस." साधी बाई आहे, माझीच काळजी.

१२ मे, बुधवार

आजचं नीट लिहून ठेवते, नाही तर उद्या वाटेल की स्वप्नच होतं.

शिंप्याकडून मुख्याध्यापिकाबाईंकडे जायचाही रस्ता काकांनी दिलाय. पायऱ्यांच्या पलीकडे गेलं की शहराचा आवाज एकाएकी खाली बसतो. मोठ्या रस्त्यावर भोंगे वाजतच असतात, पण इथे ते शेजारच्या खोलीत कुणी घोरावं तसे ऐकू येतात. घरांच्या मागच्या बाजूंनी चालत जायचं. पुढून ही घरं कशी नटूनथटून उभी असतात, मागून मात्र बनियनवर बसल्यासारखी. एका खिडकीत एक म्हातारी कपाटाशी बोलत होती. एका गच्चीवर कुणी उशा उन्हात टाकल्या होत्या आणि त्यांच्यावर एक मांजर आळीपाळीने झोपून बघत होतं. नदीकाठच्या मंचावर गाण्याची तालीम चालली होती, तिथलं एकच वाद्य वाऱ्याबरोबर इथवर यायचं, अर्धी ओळ झाली की हरवायचं.

काकांच्या डोक्यातलं शहर वीस वर्षांपूर्वीचं. मी चालते आजच्या शहरात. ते म्हणाले, विहिरीशी वळ. विहीर बुजवून तिथे बाक टाकलाय. मी बाकाशी वळले आणि क्षणभर गार वास आला, खरंच. दोन शहरांतून एकदम चालत असल्यासारखं वाटत राहिलं आणि पाय थकलेच नाहीत.

मग आरशांची गल्ली. नावाला आरशांची, दुकान आता एकच उरलंय. पण त्या दुकानाबाहेर मोठाले आरसे भिंतीला टेकवून ठेवतात आणि अरुंद गल्लीत आभाळ उतरून उभं राहतं. मी चालले की चार-पाच मी चालतात. एकीच्या मागे ढग, एकीच्या मागे वाळत घातलेली चादर. गेल्या कित्येक महिन्यांत मी स्वतःकडे धड बघितलं नव्हतं. काही वाईट नाही दिसत मी.

दुकानात एक बाई काच कापत होती. माझ्याच वयाची, पन्नाशीची. पट्टी धरून काच कापायची हिरकणी एकाच ओढीत फिरवली, रेशीम फाटावं तसा आवाज झाला, मग बोटाने टिचकी मारली आणि काच सरळ दोन झाली. मी बघतच राहिले.

"पाणी हवंय?" तिने विचारलं.

गार पाणी दिलं. "रोज जाता का इथून? शुक्रवारीही बघितलं मी."

म्हटलं, रस्ते बंद आहेत ना. एका पेशंटने ही वाट शिकवली. जुने पोस्टमन आहेत, चढावर राहतात.

ती दुसरी काच कापायला वळली होती. ती वाकडी तुटली. उकाडाच इतका आहे की हात घामेजतो.

१७ मे, सोमवार

एक शंका आहे. काकांचे सगळे रस्ते आरशांच्या गल्लीवरूनच का जातात? शिंपी पूर्वेला, मुख्याध्यापिकाबाई उत्तरेला, तरी वाट तीच. काल सुट्टी होती म्हणून मी नुसतंच चालून बघितलं: बाबाकाठच्या बोळातून मुख्याध्यापिकाबाईंचं घर सहा मिनिटांनी जवळ आहे. (कालव्याच्या काठाने जो बोळ जातो, त्याला मी बाबाकाठ म्हणते, तिथे एक बाबा मासे धरत बसलेले असतात म्हणून.)

काकांना विचारलं. म्हणाले, "त्या गल्लीत सावली असते."

"बोळातही असते."

"तिथली सावली ओली असते. मी चाळीस वर्षं चाललोय, तुला जास्त कळतं का मला?"

वय झालं की माणूस हट्टी होतो. मी वाद घातला नाही, कारण आज ते वॉकर धरून अर्धा मिनिट उभे राहिले. काकूंनी टॉवेल काढून घेतले ते परत त्यावर टाकले नाहीत.

१९ मे, बुधवार

काचताईशी (मी तिला आता असंच म्हणते) गट्टी जमली. तिच्याकडे लिंबाचं सरबत प्यायले. दुकानाच्या मागे एका खोलीत एकटीच राहते. बोलणं तिच्या काचेसारखं, लागेल तेवढंच कापून देते.

मात्र व्यायामाविषयी फार विचारते. "पडल्यावर माणूस परत पहिल्यासारखा चालतो का गं? पायऱ्या चढता येतात? दुखतं का फार?" मला वाटतं तिचाच गुडघा दुखत असणार, सांगायला लाजते. दिवसभर उभं राहून काम ना. मी तिला स्टुलावर बसवून पाय सरळ करायचा व्यायाम दाखवला. तिने निमूटपणे केला दहा वेळा. मग म्हणाली, "हा तू त्यांच्याकडून करून घेतेस का? त्या पोस्टमनकडून?"

म्हटलं, त्यांच्याकडून वीस वेळा करून घेते.

"वीस," ती म्हणाली आणि आणखी दहा वेळा केला.

सध्या इतकी मन लावून व्यायाम करणारी माणसं भेटतच नाहीत.

२१ मे, शुक्रवार

उशीर झाला होता. बाबाकाठच्या बोळातून गेले. सहा मिनिटं वाचली. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "प्रगती आहे."

२४ मे, सोमवार

काकांनी नेहमीसारखं विचारलं, "काचेचं दुकान उघडं होतं?"

म्हटलं, "शुक्रवारी मी त्या बाजूने गेलेच नाही. बोळातून गेले. सहा मिनिटं वाचतात, काका."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पट्टा नको, वॉकर नको, काही नको. "आज पाय जड आहेत." चांगला चाललेला माणूस असा का अडून बसला कळेना. काकू चहा घेऊन आल्या तो तसाच परत घेऊन गेल्या. जाताना माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मीच त्यांना जिन्यावरून ढकललं होतं.

मन खट्टू झालं. शिंप्याकडे जाताना मुद्दाम आरशांच्या गल्लीवरून गेले. तर काचताई दुकान सोडून गल्लीच्या वळणावर उभी, हातावर हात चोळत.

"शुक्रवारी आली नाहीस. तिकडे सगळं ठीक ना?"

"तिकडे म्हणजे?"

"म्हणजे... तुझ्या पेशंटांचं."

मला भरून आलं. एकोणीस वर्षं हॉस्पिटलात मी कधी गेले, कधी आले, कुणी विचारलं नाही. इथे कुणी तरी माझी वाट बघतं. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मीसुद्धा बघतो वाट. पडद्यावर तुझ्या त्या गल्ल्या येतच नाहीत. आठला निघतेस आणि गायब होतेस. मग दोन वाजता बाजारातल्या चौकात दिसतेस तेव्हा जेवायला उठतो."

हे मला माहीत नव्हतं. मी भाजी चिरत राहिले, पण बराच वेळ एकच भेंडी चिरत होते असं नंतर लक्षात आलं.

२६ मे, बुधवार

काका आज जेमतेम पंधरा वेळा पाय हलवून थांबले. मी सोमवारी आरशांच्या गल्लीवरून गेल्याचं सांगितलं, तेवढं ऐकून जरा निवळले.

नंतर गल्लीत गेले तर दुकानाला कुलूप. बाहेर एकही काच नाही. गल्ली नुसती भिंतींची झाली होती. डोळे मिटलेल्या माणसासमोरून जावं तसं वाटलं. शेजारचा कुलुपं दुरुस्त करणारा म्हणाला, "काल दुपारी हात कापला तिचा. दवाखान्यात गेली ती अजून आली नाही."

२८ मे, शुक्रवार

आल्या आल्या लिहायला बसले.

सकाळी आठला काकांनी विचारलं, दुकान उघडं होतं का. मी पट्टा सोडवत होते, सहज बोलून गेले, "बुधवारी बंद होतं. त्या बाईचा हात कापला म्हणे. दवाखान्यात नेलं."

खुर्चीचा आवाज झाला. वर बघते तर काका उभे. वॉकर पलीकडे, कुणाचा आधार नाही, दोन्ही पाय जमिनीवर रोवलेले. "कुठला हात?" म्हणाले. "उजवा का डावा? ती उजव्याने कापते." आणि एक पाऊल टाकलं, दाराकडे. दुसरं टाकलं. तिसऱ्याला मी त्यांना धरलं. पाच महिन्यांत जे झालं नाही ते झालं. मी आनंदाने ओरडलेच, "काकू, बघा, पट्ट्याचा गुण!"

काकू स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

तिथून मी जवळजवळ धावतच गल्लीत गेले. दुकान उघडं होतं. काचताई डाव्या हाताला पांढरं बँडेज बांधून उभी होती. म्हटलं, "अगं, तुझ्या हाताने कमाल केली! मी पोस्टमनकाकांना सांगितलं की तुझा हात कापला, आणि ते उठून उभे राहिले. तीन पावलं चालले. कुठला हात म्हणून विचारत होते."

ती होती तिथे खाली बसली, फरशीवर, काचेच्या चुऱ्यातच. मला वाटलं चक्कर आली. वाकले तर म्हणाली, "ते माझे वडील आहेत."

आरशांतल्या चारही मी माझ्याकडे बघत होत्या, सगळ्या सारख्याच बावळट.

तिने सांगितलं ते असं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिने लांबच्या एका शहरातल्या काचकामाच्या शाळेत अर्ज केला होता. निवड झाल्याचं पत्र आलं. अमुक तारखेपर्यंत हजर व्हा. पत्र तिच्या वडिलांच्याच पिशवीत आलं, कारण हा सगळा भाग त्यांचा. त्यांनी ते तिला दिलं नाही. एकुलती एक पोर, लांब जाईल म्हणून. तारीख उलटल्यावर आणून टेबलावर ठेवलं. "आजच आलं" म्हणाले. तिने पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का वाचला.

"ज्या माणसाने पुरात गुडघाभर पाण्यातून परक्यांची पत्रं पोचवली," ती म्हणाली, "त्याने माझं एक ठेवून घेतलं."

ती आठवड्यात घर सोडून गेली. चार वर्षं कुठल्याशा काचेच्या गोदामात काम केलं, हात शिकला, परत आली, या गल्लीत दुकान टाकलं. आणि ही गल्लीही वडिलांच्याच वाटेवरची. निवृत्त होईपर्यंत सहा वर्षं ते तिचं टपाल दाराच्या फटीतून सारायचे. "साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं 'पोस्ट!' ओरडायचे. माझ्या दाराशी आले की आवाज बंद. मी आतून फक्त पाकीट सरकताना बघायचे. एकदा बोटं दिसली." आई मंगळवारी बाजाराच्या निमित्ताने येते. वडिलांचं नाव दोघी काढत नाहीत.

"त्यांना सांगू नकोस मी तुला सांगितलं म्हणून."

शिंप्याकडे आज गेलेच नाही.

२९ मे, शनिवार

रागावले आहे. काकांवर, काकूंवर, काचताईवर, पण सगळ्यात जास्त स्वतःवर. तीन आठवडे मी पट्ट्याचं कौतुक करत होते! त्या दोघांमध्ये मी म्हणजे फिरतं टपाल होते, आणि पत्त्यावरचं नावसुद्धा मला वाचता येत नव्हतं.

ह्यांना सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. म्हणाले, "माझ्यासमोर चोवीस पडदे असतात. कोण कुठे चाललंय ते दिसतं, कशासाठी चाललंय ते थोडंच दिसतं? तू निदान जवळून बघितलंस."

मग थोड्या वेळाने म्हणाले, "त्याने चूक केली खरी."

"कोणी?"

"पोस्टमनने. पण मला मुलगी असती तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही."

आम्हाला मूल नाही. ह्या विषयावर आम्ही वर्षानुवर्षं बोललेलो नाही. नंतर गच्चीवर जाऊन संध्याकाळ होईपर्यंत बसलो. लांब नदीवर गाणं चाललं होतं. शब्द कळत नव्हते, पण ते गाणं माझ्या ओळखीचं आहे असं वाटत राहिलं.

३१ मे, सोमवार

काचताईला दिलेला शब्द मोडला नाही. फक्त काकांना सांगितलं, "आजपासून मी बोळातून जाणार. ते दुकान उघडं आहे की बंद, हे मी यापुढे सांगणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. म्हाताऱ्या माणसाचे डोळे इतके उघडे मी पाहिले नव्हते. त्यांना कळलं की मला कळलंय.

"हात?" एवढंच म्हणाले.

"डावा. चार टाके. ठीक आहे."

त्यांनी मान हलवली. खिडकीबाहेर बघत बसले. मी पिशवी भरून निघाले, दारात पोचले तेव्हा मागून आवाज आला. "बावन्न पायऱ्या उतरायला मला किती दिवस लागतील?"

म्हटलं, "तीन महिने. कदाचित चार."

"तेवढे दिवस नाहीत माझ्याकडे." मग जरा चिडून, "दुसरा रस्ता नाही का? तू तर म्हणतेस तुझा नवरा रस्त्यांचा राजा आहे."

असं मी कधी म्हटलं नव्हतं. पण काकांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याला रस्ता विचारला.

२ जून, बुधवार

रस्ता आहे. आरशांच्या गल्लीचं दुसरं तोंड मोठ्या रस्त्याला लागतं, तिथे एकही पायरी नाही. एरवी तिथून चाकांची खुर्ची ढकलत नेणं म्हणजे जीव मुठीत धरणं, दोन्हीकडून बस अंगावर येतात. पण रविवारी समारोप आहे. चार ते सात, चढापासून नदीपर्यंत मोठा रस्ता फक्त चालणाऱ्यांना मोकळा. हे म्हणाले, "एकही गाडी नसेल. मी स्वतः बघेन."

काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि माझे दोन्ही हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. कणकेचे हात. माझ्या मनगटाला कणीक लागली ती मी दुपारपर्यंत धुतली नाही.

६ जून, रविवार

साडेचारला निघालो. चाकांची खुर्ची मी जुन्या हॉस्पिटलातून उसनी आणली होती, वॉकर मिटून तिच्या मागे अडकवला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वरचं बटण सुद्धा लावलं होतं. काकू घरीच राहिल्या. "मी आले तर ती माझ्याशी बोलेल," म्हणाल्या, "त्यांच्याशी नाही."

उतारावरून खाली आलो आणि मोठा रस्ता दिसला तशी मी थांबलेच. एवढा रुंद आहे हा रस्ता? पाच आठवड्यांपूर्वी मी याच रस्त्यावर अडकून बसले होते आणि त्याची जमीन मला दिसलीसुद्धा नव्हती. आता तो नदीसारखा पसरला होता. माणसं मधोमध चालत होती, काहींनी चपला हातात घेतल्या होत्या. दोन म्हाताऱ्या पांढऱ्या रेघेवर तोल सावरत पाय टाकत होत्या. सिग्नल कुणासाठी नसताना लाल होत होते, हिरवे होत होते. ऊन पिवळं झालं होतं आणि कुणालाच घाई नव्हती.

दोरीपाशी एका पोलीसबाईने अडवलं. "चाकं आत न्यायची नाहीत." मी तोंड उघडणार तोच तिच्या खांद्यावरचं यंत्र खरखरलं आणि त्यातून ह्यांचा आवाज आला, "त्या खुर्चीला सोडा. ढकलणारी माझी बायको आहे, ती ऐकायची नाही." पोलीसबाईने हसून दोरी उचलली. मी वर खांबाकडे बघितलं, कॅमेरा कुठला ते ठाऊक नव्हतं, तरी हात केला.

खुर्चीची चाकं आवाज न करता चालत होती. काका डावी-उजवी बघत, हळू आवाजात घरं मोजत होते. "इथे डॉक्टर. इथे दोन बहिणी, एकीलाच पत्रं यायची. इथे तो लष्करातला." मग गल्लीचं तोंड आलं आणि त्यांनी शर्ट सारखा केला.

शेवटचं दुकान. आरसे बाहेर होते. काचताई दारात एका चौकटीला पुट्टी भरत होती. आधी तिने आम्हाला आरशात पाहिलं. वळली नाही. काम पुरं केलं, चाकू पुसला, मग वळली.

काका म्हणाले, "पोस्ट."

इतक्या हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं.

ती म्हणाली, "आत पायरी आहे. खुर्ची चढायची नाही." आतून स्टूल आणून गल्लीच्या मध्यावर ठेवलं, त्यांच्यासमोर, आणि बसली. मी बाजूला होऊ लागले तर म्हणाली, "थांब तू."

मोठ्या रस्त्यावरून माणसांच्या चालण्याचा आवाज येत होता, समुद्राचा येतो तसा.

काका म्हणाले, "आठ दिवस माझ्या पिशवीत होतं ते. रोज तुझ्या खोलीच्या दारापर्यंत आणायचो. रोज परत न्यायचो. आठ दिवस."

"नऊ."

"आठ. मी..." ते थांबले. बोटांवर काही मोजलं. "मध्ये रविवार होता. रविवारी टपाल नसतं, म्हणून मी तो धरला नव्हता."

"मी धरला होता."

काकांनी आणखी एक बोट मिटलं. मग म्हणाले, "नऊ."

ती रडली नाही, काकाही नाही. ती उठली, आत गेली, पाण्याचा पेला आणला. "उन्हातून आलाय. घ्या." ते पीत असताना त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मी माफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत," काका म्हणाले.

"पण खुर्चीवर बसून राहू नका. ही म्हणते तुम्ही चालू शकता."

साताच्या आत परतायचं होतं. मोठ्या रस्त्यावर वळताना मी मागे बघितलं. ती अजून स्टुलावर बसली होती, समोरची जागा रिकामी ठेवून.

चढाच्या पायथ्याशी काका म्हणाले, "थांबव. इथून वॉकर दे." चार घरं चालले. मला रिकामी खुर्ची ढकलत मागे धावावं लागलं.

९ जून, बुधवार

सगळे रस्ते उघडलेत. सकाळपासून भोंगे.

आठला काकांकडे गेले. पट्टा बांधत होते तेवढ्यात दाराबाहेर पावलं वाजली. काकूंच्या हातातला चमचा खाली पडला. पावलं ओळखली असावीत त्यांनी.

काचताई दारात उभी. हाताचं बँडेज लहान झालं होतं. चप्पल काढावी की नाही अशी घुटमळली, मग काढली. खोलीभर नजर फिरवली. काही बदललं असेल, काही नसेल, मला कसं कळणार. तिची नजर काकांच्या खिडकीवर थांबली. जवळ गेली, काचेवरून बोट फिरवलं.

"ही काच धुरकट झालीय. यातून बाहेरचं काय दिसतं?"

"दिसतं तेवढं दिसतं," काका म्हणाले.

"बदलायला हवी." तिने पिशवीतून मापाचा टेप काढला. चांगल्या हाताने एक टोक चौकटीच्या कोपऱ्यात दाबलं. दुसऱ्या हाताला टाके. तिने माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि मग टेप काकांपुढे धरला.

"हे टोक धरा. वरच्या कोपऱ्यात. उभं राहावं लागेल."

मी एक पाऊल पुढे टाकलं आणि मागे घेतलं.

काकांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. पाय लटपटले, पण उठले. वॉकर धरला नाही. एक हात चौकटीवर टेकवला, दुसऱ्याने टेपचं टोक घेतलं आणि वर नेलं, जिथे ती बोट दाखवत होती तिथे. तिने आकडा वाचला, पेन्सिलीने डाव्या हाताच्या बँडेजवर लिहिला.

"आता आडवं," ती म्हणाली.

ते सरकले. दोन पावलं, आडवी.

"पुढच्या गुरुवारी बसवून देते."

"नक्की गुरुवारी?" काकांनी विचारलं. आणि विचारल्या विचारल्या त्यांचा चेहरा उतरला.

काकू ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. त्यांच्या हातातली कपबशी वाजायची थांबली.

"मी दिलेली तारीख पाळते," काचताई म्हणाली. ते बोलताना तिने टेप गुंडाळला नाही. एका कोपऱ्यात त्यांनी तो अजून धरून ठेवला होता, आणि दुसऱ्या कोपऱ्यात तिने. "तोवर रोज आतल्या खोलीतून इथपर्यंत चालत या. खिडकीपर्यंत. बसून कशाला बघायचं?"

"बरं," काका म्हणाले.